धर्मादाय रुग्णालयाचे विश्वस्त नेमके कोण असतात? डॉक्टर, व्यापारी की वकील?

कुठल्याही मोठ्या धर्मादाय रुग्णालयात गेलात, तर रिसेप्शनच्या आसपास एक संगमरवरी पाटी दिसते. वर संस्थापकांची तसबीर, तिला हार, आणि खाली विश्वस्तांची नावं. कुणाच्या आधी श्री., कुणाच्या आधी डॉ., कुणाच्या आधी ॲड., कुणापुढे सीए. पेशंटचा नातेवाईक म्हणून तासन् तास तिथं बसलेला माणूस ती पाटी तीन-चारदा वाचतो, कारण वाचायला दुसरं काही नसतं. पण ही माणसं पोटापाण्यासाठी काय करतात आणि त्याचा आपल्या बिलाशी काही संबंध आहे का, हा प्रश्न सहसा मनात येत नाही.

संबंध आहे, आणि तो एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात सगळ्यांना दिसला.

मार्च २०२५ च्या अखेरीस पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात आलेल्या एका गर्भवती महिलेच्या कुटुंबानं आरोप केला, की उपचारांआधी १० लाख रुपये अनामत मागितली गेली. त्या महिलेनं दुसऱ्या रुग्णालयात जुळ्यांना जन्म दिला आणि नंतर तिचा मृत्यू झाला. रुग्णालयानं आपल्यावरचे आरोप नाकारले, चौकशी समित्या बसल्या, आंदोलनं झाली. सोशल मीडियावर तेव्हा काय चाललं होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. या सगळ्यात एक गोष्ट थोडी बाजूला पडली. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात रुग्णालयानं विश्वस्त आणि व्यवस्थापनाचा निर्णय म्हणून जाहीर केलं, की इमर्जन्सीत येणाऱ्या रुग्णाकडून यापुढे अनामत घेतली जाणार नाही.

निर्णय चांगलाच. पण धर्मादाय रुग्णालयांना हे बंधन नवं नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली जी योजना मंजूर केली, तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे की तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून घ्यायचं, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे आणि दाखल करताना अनामत मागायची नाही. म्हणजे जे १९ वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं, ते २०२५ मध्ये ‘निर्णय’ म्हणून जाहीर करावं लागलं. बिलिंग काउंटरवरचा कर्मचारी मनानं अनामत मागत नाही. त्याला तसं धोरण दिलेलं असतं आणि धोरणाची जबाबदारी शेवटी त्या संगमरवरी पाटीवरच्या नावांची असते.

आधी थोडा कायदा

महाराष्ट्रात ट्रस्टचा कारभार १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली चालतो. पूर्वी त्याच्या नावात ‘मुंबई’ होतं, आता ‘महाराष्ट्र’ आहे. या कायद्याचं कलम ४१ कक रुग्णालयांसाठी आहे. त्याखाली आणि उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयानं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत ठेवायच्या आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढत गेली. सध्या निर्धन गटासाठी ती वर्षाला १ लाख ८० हजार रुपये आणि दुर्बल गटासाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. हा खर्च भागवायला इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची. त्याला निर्धन रुग्ण निधी म्हणतात, बोलीभाषेत आयपीएफ.

बदल्यात रुग्णालयांना काय मिळतं? करात सूट, देणग्यांवर सवलत आणि अनेकदा जमीन किंवा चटई क्षेत्रातली सवलत. राज्यात अशी चारशेहून जास्त रुग्णालयं आहेत.

हा सगळा कारभार सांभाळणारा विश्वस्त व्हायला काय शिक्षण लागतं? काहीच नाही. कायदा शैक्षणिक किंवा व्यावसायिक पात्रता मागत नाही. नर्सला नोंदणी लागते, फार्मासिस्टला लागते, लिफ्ट चालवायलाही परवाना लागतो. शेकडो खाटांच्या रुग्णालयाचं धोरण ठरवणाऱ्याला मात्र बाकीच्या विश्वस्तांची मान्यता आणि ट्रस्ट डीडमधलं एक कलम पुरतं. नवा विश्वस्त आला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा, तो मंजूर झाला की नाव रजिस्टरवर चढतं.

गंमत म्हणजे, ज्या कायद्याखाली आपल्याकडे हजारो संस्था नोंदल्या जातात तो १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा कार्यकारिणीतल्या प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि व्यवसाय लिहून मागतो. दरवर्षी द्यायच्या यादीतही व्यवसायाचा रकाना आहे. सही करणारा माणूस काय काम करतो हे लोकांना कळायला हवं, एवढं इंग्रजांनाही पटलं होतं.

पैसा जिथून येतो, तिथली माणसं

आता एक खरी यादी वाचून बघू. सर दोराबजी टाटा ट्रस्टनं १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केलं. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं, पण कॅन्सर हा टाटा ट्रस्ट्सचा विषय राहिलाच. आसाममध्ये राज्य सरकारसोबत त्यांनी कॅन्सर रुग्णालयांचं जाळं उभारलं आणि त्यातल्या सात रुग्णालयांचं उद्घाटन एप्रिल २०२२ मध्ये झालं.

टाटांच्या दोन मुख्य ट्रस्टांवर गेल्या काही वर्षांत कोण दिसले? नोएल टाटा, म्हणजे रिटेल व्यवसायातले. वेणू श्रीनिवासन, टीव्हीएसचे उद्योजक. विजय सिंह, माजी संरक्षण सचिव. प्रमित झवेरी, सिटीबँकेचे भारतातले माजी प्रमुख. डेरियस खंबाटा, महाराष्ट्राचे माजी महाधिवक्ता. आणि जहांगीर एच. सी. जहांगीर, पुण्याच्या जहांगीर रुग्णालयाशी संबंधित. म्हणजे उद्योग, प्रशासन, बँक, वकिली आणि रुग्णालयाचा थेट अनुभव असलेला एखादाच.

हे चुकीचं आहे का? तसं म्हणता येणार नाही. टाटा ट्रस्ट्सकडे टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर्स आहेत आणि दानाचा पैसा मुख्यतः त्यांच्या लाभांशातून येतो. तो हिस्सा सांभाळायला बँकर लागणार, वकील लागणार, सरकार कसं चालतं हे माहीत असलेला माणूस लागणार. आणि शेवटी ही निधी देणारी संस्था आहे, रोजचं रुग्णालय चालवणारी नाही.

पण या यादीत एक नियम दिसतो, आणि तो छोट्या-मोठ्या बहुतेक आरोग्य ट्रस्टना लागू पडतो. विश्वस्तांची यादी बनते ती पैसा कुठून येतो त्यावरून. तो कुणापर्यंत पोचतो यावरून नाही. गावातल्या ट्रस्टची यादी बघा. जमीन देणारं घराणं, मोठी देणगी देणारा कारखानदार, हिशेब लिहिणारा सीए, कोर्टाच्या तारखा सांभाळणारा वकील, मंत्रालयात ओळख असलेला माजी आमदार. प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या दारातून काहीतरी आणतो म्हणून तिथं असतो. निर्धन रुग्ण काही आणत नाही, त्यामुळे त्याच्या बाजूचा माणूस यादीत नसतो.

लंडनच्या वेलकम ट्रस्टचं उदाहरण या बाबतीत मजेशीर आहे. औषध व्यवसायातल्या हेन्री वेलकम यांच्या मृत्युपत्रातून १९३६ मध्ये उभी राहिलेली ही संस्था आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या धर्मादाय संस्थांपैकी एक. २०१५ ते २०२१ या काळात तिच्या प्रमुख होत्या एलायझा मॅनिंगहॅम-बुलर, म्हणजे एमआय-५ या ब्रिटिश गुप्तचर संस्थेच्या माजी महासंचालक! त्यांच्यानंतर आल्या ऑस्ट्रेलियाच्या माजी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड. दोघीही डॉक्टर नाहीत. फरक इतकाच की तिथं मंडळावर त्यांच्या सोबतीला शास्त्रज्ञ आणि गुंतवणुकीतले तज्ज्ञ बसतात, आणि इंग्लंड-वेल्समधल्या कुठल्याही नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या विश्वस्तांची नावं चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात.

मग सगळे डॉक्टरच का घेऊ नयेत?

कमेंटमध्ये हमखास येणारी सूचना. ऐकायला बरोबर वाटते, पण तिच्यात एक खोच आहे.

डॉक्टर विश्वस्त दोन प्रकारचे असतात. एक, जो त्याच रुग्णालयात प्रॅक्टिस करतो. दुसरा, जो बाहेरचा आहे, उदाहरणार्थ सरकारी मेडिकल कॉलेजातून निवृत्त झालेला प्राध्यापक. पहिल्याला रुग्णालय आतून माहीत असतं, पण त्याच्या विभागाला नवं मशीन घ्यायचं की निर्धन रुग्णांच्या खाटा वाढवायच्या, असा प्रश्न आला तर तो दोन्ही बाजूंना बसलेला असतो. त्याची फी, त्याचे पेशंट, त्याच्या ओटीच्या वेळा या सगळ्यांवर मंडळाचा निर्णय परिणाम करतो. माणूस वाईट असण्याची गरज नाही. त्याची खुर्चीच अवघड जागी आहे.

हेच इतर व्यवसायांना लागू होतं. विश्वस्त बिल्डर असेल आणि नव्या इमारतीचं काम त्याच्याच ओळखीच्या कंपनीला गेलं, विश्वस्ताच्या भाच्याचं औषध दुकान रुग्णालयाच्या तळमजल्यावर असलं, विश्वस्ताच्या जावयाची लॅब असली, तर प्रश्न विचारायलाच हवा. प्राप्तिकर कायदाही तो विचारतो. विश्वस्त, त्यांचे नातेवाईक किंवा त्यांचा भरीव हिस्सा असलेल्या कंपन्या यांना ट्रस्टच्या पैशातून गैरवाजवी फायदा मिळाला, तर ट्रस्टची करसवलत धोक्यात येते. वाजवी मोबदला चालतो. पण ‘वाजवी’ म्हणजे किती, यावरच सगळी भांडणं होतात. राज्याच्या कायद्यात आणखी एक साधा नियम आहे. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकता येत नाही. हा नियम ज्या विश्वस्तांना जाचक वाटतो त्यांचा व्यवसाय कोणता, हे एकदा बघायला हरकत नाही.

आणि डॉक्टर नसलेला माणूस आरोग्याचं काम करू शकत नाही, हेही खरं नाही. बाबा आमटे वकील होते. त्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, कुष्ठरोगाचं प्रशिक्षण घ्यायला कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं. उलट गडचिरोलीतलं ‘सर्च’ हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दोन डॉक्टरांनी उभं केलेलं काम. पदव्या वेगळ्या, पण या सगळ्यांनी आधी रुग्ण पाहिला आणि संस्था त्याच्या भोवती बांधली. आजच्या अनेक ट्रस्टमध्ये क्रम उलटा आहे. इमारत आधी, मंडळ नंतर, आणि निर्धन रुग्ण परिशिष्टात.

एकाच घरातले विश्वस्त

व्यवसायाइतकंच नातंही बघावं लागतं. मुंबईचं लीलावती रुग्णालय चालवणारा लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्ट हिऱ्यांच्या व्यापारातल्या मेहता कुटुंबानं उभा केला. पुढे ट्रस्टच्या ताब्यावरून कुटुंबाच्या शाखांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालले. मार्च २०२५ मध्ये सध्याच्या विश्वस्तांनी माजी विश्वस्तांवर बाराशे कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या अपहाराचा आरोप केला. माध्यमांसमोर ही माहिती देणाऱ्यांत रुग्णालयाचे कार्यकारी संचालक होते, आणि ते म्हणजे मुंबईचे माजी पोलिस आयुक्त परमबीर सिंह. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवेल. इथं एवढंच लक्षात घ्यायचं, की रुग्णालयाचा वाद मिटवायला पोलिस, वकील आणि हिशेब तपासनीस लागावेत इतकं ते प्रकरण रुग्णसेवेपासून दूर गेलं होतं.

एका घरातले, एका धंद्यातले किंवा एका क्लबातले सात जण मंडळावर असले, की बैठक लवकर संपते. कारण प्रश्न विचारणारं कुणी नसतं.

२०२५ मध्ये राज्य सरकारनं अध्यादेश काढून या दुखण्याच्या एका भागावर बोट ठेवलं. तहहयात विश्वस्तांची संख्या एकूण विश्वस्तांच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नसावी, अशी तरतूद आली. टाटा ट्रस्ट्समधल्या नेमणुकांच्या बातम्यांमध्ये तुम्ही या बदलाबद्दल वाचलं असेल. खुर्चीची मुदत ठरली, हे बरं झालं. खुर्चीवर कोण बसणार याबद्दल मात्र कायदा अजून गप्प आहे.

यादीत नसलेला माणूस

प्रत्येक मोठ्या धर्मादाय रुग्णालयात एक छोटी खोली असते, बऱ्याचदा तळघरात किंवा जिन्याखाली. दारावर पाटी असते ‘वैद्यकीय समाजसेवक’ किंवा ‘सोशल वर्कर’. निर्धन रुग्ण निधीतून मदत हवी असेल, तर तुम्हाला तिकडे पाठवलं जातं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आहे का, रेशनकार्ड पिवळं की केशरी, नाव त्यात आहे का, की लग्नानंतर माहेरच्याच कार्डावर राहिलं, दाखल्यावरचं आडनाव आणि आधारवरचं आडनाव जुळतंय का. रुग्ण आयसीयूत असतो आणि त्याचा भाऊ दाखल्यासाठी तालुक्याला जाणाऱ्या एसटीत बसलेला असतो.

दहा टक्के खाटा कागदावर भरतात की खरोखर, हे या खोलीतल्या माणसाला माहीत असतं. खाट रिकामी असताना ‘कोटा संपला’ असं कधी सांगितलं जातं, निधी शिल्लक असताना तो का खर्च होत नाही, कुठला कागद मागितला की लोक कंटाळून परत जातात, हे सगळं. सीएला ताळेबंदात निधीची शिल्लक दिसते. ती शिल्लक का राहिली हे त्याला दिसत नाही. वकिलाला योजनेतलं कलम माहीत असतं. रात्री अकरा वाजता काउंटरवर ते कलम कुणाला आठवतं, हे त्याला माहीत नसतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. धर्मादाय रुग्णालयाच्या मंडळावर निदान दोन खुर्च्या अशा असाव्यात, ज्या देणगी, जमीन किंवा ओळख यांच्या बदल्यात मिळत नाहीत. एक सार्वजनिक रुग्णालयात काम केलेल्या परिचारिकेची किंवा वैद्यकीय समाजसेवकाची. दुसरी कधीतरी त्या योजनेतून उपचार घेतलेल्या कुटुंबातल्या माणसाची. ‘त्यांना ताळेबंद कळणार नाही’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. कारखानदाराला व्हेंटिलेटर कळत नाही, तरी तो बसतोच की.

तुमच्या गावच्या ट्रस्टची यादी कशी बघायची?

धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत ट्रस्ट शोधता येतात. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करून त्या ट्रस्टच्या परिशिष्ट १ ची नक्कल मागा. सध्या रजिस्टरवर कोण विश्वस्त आहेत आणि कुणाचा चेंज रिपोर्ट प्रलंबित आहे, ते तिथं कळतं. नाव पाटीवर आहे पण रजिस्टरवर नाही, असाही प्रकार निघू शकतो. संस्था सरकारी अनुदान घेत असेल तर नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ पोर्टलवर पदाधिकाऱ्यांची नावं असतात. लेखापरीक्षण अहवालात निर्धन रुग्ण निधीत किती जमा झाले आणि किती खर्च झाले ते बघा, आणि विश्वस्तांशी संबंधित व्यक्तींना किती रक्कम दिली गेली हेही बघा. एका वर्षाचा आकडा पुरत नाही, तीन-चार वर्षांचे शेजारी शेजारी ठेवा.

अजून एक. नावांची यादी हातात आली की लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. त्यात पत्तेही असतात, आणि विश्वस्त म्हणजे आरोपी नव्हे. बहुतेक जण एक रुपयाही न घेता, स्वतःचा वेळ घालून काम करतात. बघायचंय ते त्यांचं घर नाही, त्यांच्या कामाचा रकाना. संस्था सोसायटी म्हणूनही नोंदलेली असेल तर वार्षिक यादीत तो सापडेल. तिथं सहसा एकच शब्द लिहिलेला असतो. ‘व्यापार’ किंवा ‘नोकरी’ किंवा ‘शेती’. कशाचा व्यापार, कुणाची नोकरी, कुठली शेती, हे पुढे तुम्हालाच शोधावं लागतं.